यादीत नाव नसलेले जॉबरमामा

पत्र : आमचं घर आणि मागे लूमचा कारखाना सोलापुरात साखर पेठेत आहे. कारखान्यात जायला शेजाऱ्यांच्या जागेतून एक बोळ. वडिलांच्या काळापासून बीमच्या (लूमवर चढवायच्या सुताच्या मोठ्या रुळांच्या) हातगाड्या त्याच बोळातून यायच्या. डिसेंबर २०२० मध्ये शेजाऱ्यांनी बोळाला लोखंडी गेट लावून कुलूप घातलं. मार्च २०२१ मध्ये आम्ही दावा लावला. २०२३ मध्ये मुद्दे निघाले (वाद नेमका कशाचा ते कोर्टानं ठरवलं), साक्षीदारांची यादी दिली. त्यात मी, समोरच्या काकू आणि नकाशा काढणारे गृहस्थ अशी तीन नावं. माझी आणि काकूंची साक्ष झाली. उलटतपासात शेजाऱ्यांच्या वकिलांनी मला विचारलं, "१९९८ ला लग्न होऊन तुम्ही अक्कलकोटला गेलात आणि वडील वारल्यावर २००९ ला परत आलात, बरोबर?" मी हो म्हणाले. काकू तर २००८ ला राहायला आल्या. आमच्याकडे १९९२ ते २०१४ जॉबर (लूमची जोडणी-दुरुस्ती बघणारे कारागीर) असलेले मामा नंतर भिवंडीला गेले, पत्ता नव्हता. यंदा गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत अचानक भेटले. साक्ष द्यायला तयार आहेत, पण यादीत त्यांचं नाव नाही. आमचे वकील म्हणतात, "आता कोर्ट ऐकणार नाही, त्यापेक्षा स्टॅम्पवर लिहून घेऊ." मामांना लिहिता-वाचता येत नाही. तेलुगू चांगलं, मराठी कामापुरतं. वय पंच्याहत्तरच्या पुढे, आणि कोर्ट म्हटलं की घाबरतात. शेजारी म्हणतात, "तुमचाच नोकर, तुमच्याच बाजूनं बोलणार." काय करावं? — एक भगिनी, साखर पेठ

उत्तर : ताई, आधी एक काम करा. पुढच्या तारखेला नकाशावाल्यांची साक्ष संपली की तुमचे वकील सवयीनं 'वादीचा पुरावा संपला' अशी पुरसीस (कोर्टाला द्यायची लेखी टीप) देतील. ती देऊ देऊ नका. पुरसीस गेल्यावरही मार्ग असतो, नाही असं नाही. पण मग पुरावा पुन्हा खुला करण्याचा वेगळा अर्ज, त्यावर समोरच्यांचं म्हणणं, त्याच्यावर वेगळा युक्तिवाद, आणि मंजूर झालाच तर बहुतेक वेळा तुमच्यावर खर्च. आज तुमचा पुरावा चालू आहे, म्हणून आजचा अर्ज हलका आहे. तीन आठवड्यांनी तोच जड होईल.

आता वकीलसाहेबांचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६, नियम १ प्रमाणे मुद्दे निघाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत साक्षीदारांची यादी द्यायची असते आणि तुम्ही ती दिलीत. पण त्याच नियमाच्या पोटनियम ३ मध्ये असंही आहे की यादीत नसलेला साक्षीदार बोलवायला न्यायालय परवानगी देऊ शकतं. अट एवढीच की नाव का राहिलं याचं पुरेसं कारण तुम्ही दाखवायचं आणि न्यायाधीशांनी परवानगीची कारणं लिहून ठेवायची. म्हणजे बंदी नाही, परवानगी मागायची आहे. ती हक्कानं मिळत नाही, पण भीक मागितल्यासारखी मागायचीही गरज नाही.

जाणकार वकील इथं नियम १-अ दाखवतील : समन्स न काढता पक्षकार आपला साक्षीदार स्वतः घेऊन येऊ शकतो. १९८३ च्या मांगे राम विरुद्ध ब्रिज मोहन या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की हे दोन नियम वेगवेगळ्या परिस्थितीसाठी आहेत आणि हजर ठेवलेल्या साक्षीदाराला केवळ यादीत नाव नाही म्हणून परत पाठवू नये. निकाल तुमच्या बाजूचा आहे, वकिलांनी तो खिशात ठेवावा. तरी माझा सल्ला असा की त्याच्या भरवशावर मामांना तारखेच्या दिवशी थेट दारात उभं करू नका. समोरचे हरकत घेणार, न्यायाधीश म्हणणार 'अर्ज द्या', आणि भिवंडीहून आलेले मामा संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार. पुढच्या वेळी ते येतील का, तुम्हीच सांगा.

अर्ज करण्याआधी स्वतःशी एक हिशेब स्पष्ट करा, कारण न्यायाधीश तोच करणार आहेत. दुसऱ्याच्या जागेतून जाण्याचा हक्क वहिवाटीनं मिळाला असं म्हणायचं तर सुविधाधिकार कायद्याच्या (१८८२ चा) कलम १५ खाली वीस वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. ती उघड, शांततेची, अखंड आणि हक्कानं केलेली असावी, आणि ही वीस वर्षं दावा दाखल होण्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असावीत. तुमचा दावा मार्च २०२१ चा, गेट डिसेंबर २०२० चं. मागे वीस मोजा, साधारण २००० साल येतं. आता कुणी काय पाहिलं ते मांडा. काकू २००८ पासून. तुम्ही २००९ पासून. २००० ते २००८ या आठ वर्षांत त्या बोळातून गाडी गेली हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला तुमच्या बाजूनं एकही माणूस नाही. समोरच्या वकिलांनी तो अक्कलकोटचा प्रश्न उगाच विचारला नव्हता. त्यांनी तुमच्या भिंतीतली नेमकी वीट काढली. आणि मामा १९९२ ते २०१४ तिथं होते. हा माणूस तुमचा चौथा साक्षीदार नाही, मधल्या आठ वर्षांचा एकुलता एक साक्षीदार आहे. अर्जात हे वाक्य नसेल तर बाकी अर्ज वाचायला कुणाला सवड नाही.

पुराव्याच्या कायद्यात साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही. जुन्या कायद्यात हे कलम १३४ होतं, नव्या भारतीय साक्ष अधिनियमात १३९ आहे. (नवा कायदा १ जुलै २०२४ ला लागू झाला आणि तुमचा दावा त्याच्या आधीपासून प्रलंबित, म्हणून तुम्हाला १८७२ चा जुनाच कायदा लागू. वकिलांनी अर्जात नव्या कलमांचे आकडे घातले तर दुरुस्त करून घ्या, नाहीतर समोरचे पहिली हरकत त्यावरच घेतील.) तेव्हा 'आणखी एक साक्षीदार तपासायचा आहे' असं लिहिलेला अर्ज न्यायाधीशांना वेळकाढूपणा वाटतो, आणि पुष्कळदा तो असतोही.

नाव राहिल्याचं कारण. इथं मी माझीच गोष्ट सांगतो. वकिली सुरू करून तीन-चार वर्षं झाली होती. एका तालुका कोर्टात असाच अर्ज दिला आणि कारण लिहिलं, 'नजरचुकीने नाव नमूद करावयाचे राहून गेले.' न्यायाधीशांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "कुणाची नजर?" पक्षकाराची म्हणावं तर तो माझ्यामागे उभा, माझी म्हणावं तर वकीलपत्र माझं. अर्ज नामंजूर झाला आणि व्हायलाच हवा होता. खरं कारण वेगळं होतं. साक्षीदार पक्षकाराचा चुलत मेहुणा, दोघांचं बोलणं बंद होतं आणि नंतर समेट झाला. ते लिहायची मला लाज वाटली. लिहिलं असतं तर कदाचित चाललं असतं.

तुमचं कारण चांगलं आहे आणि खरं आहे, म्हणून ते जसंच्या तसं लिहा. 'उलटतपासात उणीव लक्षात आली' हे कारण नव्हे, तसं तोंडानंही म्हणू नका. मामा २०१४ ला भिवंडीला गेले, पत्ता नव्हता, यादी देताना ते कुठं आहेत हे माहीत नव्हतं, यंदा जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत भेट झाली, हेच घडलं आहे. सोबत आधार जोडा. मामांच्या आधार कार्डावर भिवंडीचा पत्ता असेल तर त्याची प्रत. तिथल्या कारखानदाराचं दोन ओळींचं पत्र मिळालं तर तेही. अर्जातला मुख्य परिच्छेद साधारण असा येईल :

"सदर साक्षीदार हे वादीच्या कारखान्यात सन १९९२ ते २०१४ या काळात जॉबर म्हणून कामास होते. दावा मिळकतीतील बोळातून बीमच्या हातगाड्या आणण्या-नेण्याचे काम त्यांनी स्वतः केले आहे. सन २००० ते २००८ या काळातील वहिवाटीबाबत प्रत्यक्ष माहिती असणारा दुसरा साक्षीदार वादीकडे नाही. सन २०१४ मध्ये ते भिवंडी येथे गेले व यादी दाखल करतेवेळी त्यांचा ठावठिकाणा वादीस माहीत नव्हता. चालू वर्षी जानेवारी महिन्यात सोलापूर येथे त्यांची भेट झाली. वादीचा पुरावा अद्याप संपलेला नाही. प्रतिवादीस उलटतपासाची पूर्ण संधी मिळणार असल्याने त्यांचे नुकसान होणार नाही."

बस. यापुढे 'न्यायाच्या दृष्टीने आवश्यक' वगैरे एक ओळ वकील घालतीलच, घालू द्या.

अर्जावर समोरचे 'से' (लेखी म्हणणं) देतील. त्यात 'साक्षीतील उणीव भरून काढण्यासाठी' हे शब्द असणार, आधीच सांगून ठेवतो. घाबरू नका. पुरावा चालू असताना आपली बाजू पूर्ण करायला पक्षकार साक्षीदार आणतो, त्यात गैर काही नाही. न्यायालय बघतं ते हे की तुम्ही आधी माहीत असून लपवलंत का आणि समोरच्यांना उत्तर द्यायची संधी राहते का. त्यांचा पुरावा तर अजून सुरूच व्हायचा आहे.

आता स्टॅम्प पेपर. वकिलांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की तो विचार सोडून द्या. नोटरीसमोर केलेलं शपथपत्र आणून फाईलला लावलं म्हणजे साक्ष झाली असं होत नाही. माणूस पिंजऱ्यात उभा राहून उलटतपासाला तोंड देत नाही तोवर त्याच्या कागदाला दिवाणी दाव्याच्या अंतिम सुनावणीत किंमत नाही. शिवाय तो कागद समोरच्यांच्या हाती आयतं हत्यार ठरतो. उद्या मामा आलेच, तर कागदातला प्रत्येक शब्द आणि तोंडातला प्रत्येक शब्द शेजारी शेजारी ठेवून त्यांना सोलून काढतील.

हे मी जरा जास्त ताणतोय कारण यात तुमच्या दाव्याचं खरं मर्म आहे. २००२ च्या दुरुस्तीपासून सरतपास (साक्षीदाराला त्याला बोलावणाऱ्या बाजूनं आधी विचारायचं ते) शपथपत्रावर घेण्याची पद्धत आली (आदेश १८, नियम ४). वेळ वाचला हे खरं. पण शपथपत्र लिहितं कोण? वकिलाचा टायपिस्ट. एका दाव्यात शेतमजूर साक्षीदार होता, त्याच्या शपथपत्रात लिहिलं होतं, 'सदर वहिवाट वादी हे निर्वेधपणे, उघडपणे व हक्काने करीत आले आहेत.' समोरचे वकील मुरलेले. त्यांनी कागद दाखवला, सही दाखवली, आणि शांतपणे विचारलं, "निर्वेध म्हणजे काय हो, काका?" काका माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बघितलं. मग काकांनी धोतराचा सोगा हातात घेतला आणि म्हणाले, "ते वकिलांनी घातलंय साहेब, मला काय कळतंय." निकालात त्या एका वाक्यावर पाव पान खर्ची पडलं. त्या माणसानं पंचवीस वर्षं त्या बांधावरून बैल नेले होते. ते त्याला विचारायचं कुणाला सुचलंच नाही, मलाही नाही.

म्हणून अर्जात दोन मागण्या करा. एक, मामांना साक्षीदार म्हणून बोलावण्याची परवानगी. दोन, त्यांच्या नावे न्यायालयाचं समन्स, आणि सरतपास तोंडी, न्यायालयासमोर नोंदवण्याची विनंती. २००२ च्या सेलम अॅडव्होकेट बार असोसिएशनच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे मोकळं ठेवलं आहे की समन्स काढून बोलावलेल्या साक्षीदाराकडून सरतपासाचं शपथपत्र आणलंच पाहिजे असं नाही, न्यायालय तो तोंडी घेऊ शकतं. लिहिता-वाचता न येणारा, मराठी कामापुरतं बोलणारा, सत्तरी उलटलेला माणूस, ही तोंडी सरतपासाची चांगली कारणं आहेत. अर्जात ती मांडा. न्यायाधीश शपथपत्रच मागतील तर द्या, पण मग ते मामांच्या शब्दांत असू द्या आणि त्यांना तेलुगूत वाचून दाखवल्याची नोंद खाली असू द्या. 'निर्वेध' शब्द दिसला तर तुम्हीच खोडा.

तोंडी सरतपासाला एक किंमत आहे. आपल्या वकिलांना उत्तर सुचवणारा प्रश्न विचारता येत नाही. 'तुम्ही रोज या बोळातून गाडी नेत होता ना?' असं विचारलं की समोरचे उभे राहणार. विचारावं लागेल, 'बीम कारखान्यात कसा यायचा?' आणि पुढचं सगळं मामांनी स्वतः सांगायचं. ते सांगतील का? याचं उत्तर अर्जाच्या आधी हवं.

मामांना वकिलांच्या ऑफिसात आणा. साक्षीदाराशी आधी बोलणं गुन्हा नाही. उलटतपासात 'वकिलांकडे गेला होतात का?' असं विचारलं तर सरळ 'हो' म्हणायचं, त्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते पढवल्यानं. तेव्हा वकिलांनी फक्त विचारावं आणि ऐकावं, आणि तुम्ही तेवढा वेळ बाहेर चहा घ्यावा. तुम्ही शेजारी बसलात तर मामा प्रत्येक उत्तराला तुमच्या तोंडाकडे बघणार.

एक प्रश्न वकिलांनी विचारलाच पाहिजे, आणि त्याचं उत्तर कडू असू शकतं. गाडी नेताना शेजाऱ्यांची परवानगी घ्यायचे का? मामांनी म्हटलं, "छे, विचारायचं काय, आमचाच रस्ता होता," तर ठीक. पण ते म्हणाले, "मालक मला म्हणायचे, आधी जाऊन शेजारच्या मालकीणबाईंना विचारून ये, मग गाडी घाल," तर ताई, तो हक्क राहिला नाही, ती मेहरबानी झाली. परवानगीनं केलेल्या वहिवाटीतून असा हक्क तयार होत नाही. तसं असेल तर मामांना बोलावणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. अशा वेळी त्यांना 'असं नाही, तसं सांगा' म्हणायचं नाही. फक्त बोलवायचं नाही, आणि दाव्याचा दुसरा कुठला आधार आहे का (कारखान्याला दुसरी वाट मुळातच आहे की नाही, हा वेगळा मुद्दा आहे) ते वकिलांशी बसून बघायचं.

मामांना काय सांगता येईल आणि काय नाही, तेही समजून घ्या. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा लागतो : पाहिलेलं असेल तर पाहणाऱ्यानं सांगायचं, ऐकलेलं असेल तर ऐकणाऱ्यानं. 'मालक म्हणायचे, बोळ सामाईक आहे' हे चालणार नाही. 'खरेदीखतात बोळ लिहिलाय' हेही नाही, कागदात काय आहे ते कागदानं सिद्ध करायचं. पण गाडीवर बीम कसा बांधायचा, किती माणसं लागायची, बोळाच्या तोंडाशी गाडी वळवताना काय व्हायचं, हे मामांखेरीज कुणाला माहीत असणार? माझ्या माहितीतल्या अशाच एका बोळात कोपऱ्याचा दगड गुडघ्याएवढ्या उंचीवर गुळगुळीत झालेला होता. वर्षानुवर्षं हातगाडीचा आस तिथं घासून. असं काही तुमच्या बोळात असेल तर त्याचा फोटो नकाशावाल्यांच्या साक्षीतच दाखल करा, म्हणजे मामांच्या बोलण्याला तो दगड साक्षीला राहील. वीजबिलं तुम्ही लावलीच असतील. त्यांतून लूम चालू होते एवढं कळतं, बीम कुठल्या वाटेनं आला ते कळत नाही.

तारखा पाठ करून घेऊ नका. 'दिनांक अमुक ते तमुक' अशी उत्तरं देणारा जॉबर मी आजवर पाहिला नाही, न्यायाधीशांनीही पाहिला नसेल. किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या आदल्या दिवाळीत कामाला लागलो, असं ते म्हणाले की १९९२ साल आपोआप मिळतं. भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा हे इकडे कुणाला सांगावं लागत नाही. त्यांच्या मुलीचं लग्न कधी झालं, तुमचे वडील वारले तेव्हा कारखाना किती दिवस बंद होता, असल्या खुणांवर माणसाची आठवण उभी असते. आठवत नसेल तिथं 'आठवत नाही' म्हणू द्या. ते म्हणायला लाजणारा साक्षीदारच जास्त अडकतो.

भाषेचं. कोर्टाची भाषा मराठी, पण सोलापूरच्या पूर्व भागातला माणूस तेलुगूत बोलला म्हणून इथं कुणाला नवल वाटत नाही. तरी दुभाष्याची मागणी अर्जातच लेखी करा. ऐनवेळी बारमधल्या एखाद्या तेलुगू येणाऱ्या वकिलाला हाक मारली जाते, आणि तो समोरच्यांच्या ओळखीचा निघाला की पुढं वाद. दुभाष्यालाही शपथ घ्यावी लागते. तुमचा भाचा किंवा दीर पुढं करू नका. आणि मामांना सांगा, कामापुरतं मराठी येतं म्हणून धीटपणा दाखवू नका. उलटतपासात 'तुम्हाला हे मान्य नाही काय?' असा उलटा प्रश्न आला की मराठी माणूसही 'हो' म्हणावं की 'नाही' यात घसरतो.

'तुमचाच नोकर' या आक्षेपाचं काय? तो आक्षेप साक्षीच्या वजनाचा आहे, साक्ष देण्याच्या पात्रतेचा नाही. प्रश्न समजून उत्तर देऊ शकणारा कुणीही साक्ष देऊ शकतो, मग तो निरक्षर असो, वयस्क असो, नोकर असो. आणि बोळातून बीम जातो हे पाहणार कोण, कारखान्यात काम करणाराच ना? वकिलांनी पहिल्या पाच प्रश्नांतच काढून घ्यावं की मामांनी २०१४ ला नोकरी सोडली, आज त्यांना तुमच्याकडून पगार नाही, देणंघेणं नाही. देणं राहिलं असेल, जुना बोनस, उसनवार, काहीही, तर ते आधी वकिलांना सांगा.

पैशांचं विचारलं नाहीत, पण मनात असेलच. येण्याजाण्याचं भाडं, जेवण, बुडालेली मजुरी देण्यात चूक नाही. समन्स काढायचं तर साक्षीदाराचा भत्ता आधी कोर्टात भरावाच लागतो, समन्सचा अर्ज केल्यापासून सात दिवसांच्या आत, आणि त्याची पावती राहते. त्याउपर 'मामा, हे ठेवा' म्हणून पाकीट देऊ नका. उलटतपासात विचारतात, आणि मामा खोटं बोलणार नाहीत.

समन्स हमदस्त मागा, म्हणजे ते तुमच्या हाती मिळतं आणि तुम्ही ते मामांना देऊन पोच आणता. बेलीफामार्फत भिवंडीला जाऊन परत यायला किती तारखा जातील ते तुम्हाला माहीत आहेच. समन्सचा आणखी एक उपयोग असा की भिवंडीच्या मालकाला तो कागद दाखवला की रजा मिळते. आणि घाबरट साक्षीदाराला घरच्यांनी 'कशाला त्या भानगडीत पडता' म्हटलं तर 'कोर्टानं बोलावलंय' हे उत्तर त्याच्याकडे राहतं.

प्रवास खरंच झेपणारा नसेल, तर डॉक्टरांचा कागद जोडून कमिशनर नेमून त्यांच्या मुक्कामी साक्ष नोंदवण्याचा अर्ज आदेश २६ खाली करता येतो. व्हिडिओवरून साक्षही आता परकी राहिलेली नाही. पण चालता-फिरता माणूस यात्रेला येऊ शकला तर साक्षीलाही येऊ शकतो, असं समोरचे म्हणतील, आणि खरं सांगू, मीही म्हणेन. मामा न्यायाधीशांसमोर उभे राहून हातांनी बीमची लांबी दाखवतात, ते पडद्यावर उतरत नाही.

अर्ज नामंजूर झाला तर त्या हुकमावर सरळ अपील नाही. उच्च न्यायालयात अनुच्छेद २२७ खाली रिट करावी लागते, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याचं काम कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे, त्यामुळे मुंबईची फेरी वाचते. पण ती वेळ येऊ नये यासाठीच वरचा सगळा खटाटोप.

अर्ज याच आठवड्यात लिहून घ्या आणि तारखेची वाट न बघता प्रत समोरच्या वकिलांना द्या, म्हणजे त्या दिवशी 'से द्यायला वेळ हवा' ही सबब उरणार नाही. मंजूर झाला की पहिलीच तारीख मामांसाठी मागा. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं कल्याणला बसले तर सकाळी सोलापुरात उतरतात. स्टेशनवर कुणाला तरी पाठवा, आंघोळ-नाश्ता करून अकराच्या आत कोर्टात आणा, आणि चष्मा, ऐकायचं यंत्र असेल तर ते, घरी विसरू देऊ नका. पुकारा होईपर्यंत मामांना बाहेरच्या बाकावर बसवा. नकाशावाल्यांची साक्ष त्याच दिवशी असेल तर ती ऐकायला आत नेऊ नका. आणि रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) काय लिहिलं गेलं ते संध्याकाळी वकिलांना विचारून घ्या.